वेचणीच्या आधी चार शनिवार द्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, धुळे



मी सोनगीरची शेतकरी. गावापासून थोड्या अंतरावर आमचं शेत आहे. कापूस, मका आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा कांदा. मुलगी सातवीत आहे, मुलगा पाचवीत. हे पत्र आपल्या कार्यालयात आवक खिडकीवर देता आलं असतं. पण मागणी एका घरापुरती नाही. आमच्या किल्ल्याच्या पायथ्यापासून मुंबई-आग्रा महामार्गापलीकडच्या मळ्यांपर्यंत, आणि पुढे शिरपूर, साक्री, शिंदखेड्यापर्यंत ज्यांची मुलं रोज शेतवाटेने चालतात, त्या सगळ्यांची ती आहे. म्हणून सर्वांसमक्ष लिहिते आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला, रानात आणि शेतात जीव सांभाळून कसं वावरायचं, हे शिकवणारा एक छोटा वर्ग सक्तीचा करावा. तो पुस्तकातला नको, हातांनी करून बघण्याचा हवा. दरवर्षी कापूस वेचणी सुरू होण्याआधी त्यासाठी चार शनिवार द्यावेत.

ही कल्पना मला एका अशा देशाकडे बघून सुचली जिथे मुलं खरोखर शिकारीला जातात. अमेरिकेत हंगामात, परवाना घेऊन, हरणाची शिकार करता येते आणि बारा-तेरा वर्षांचं मूल वडिलांबरोबर त्यासाठी जंगलात जातं. ते मला रुचत नाही. पण तिथली एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. न्यूयॉर्क राज्याने 1949 मध्ये नव्या तरुण शिकाऱ्यांना सुरक्षेचा वर्ग सक्तीचा केला आणि पुढे एकेक करत इतर राज्यांनी तो उचलला. टेक्सासमध्ये तर 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकार करायची असेल तर हे शिक्षण घ्यावं लागतं. शिकवणारे बहुतेक गावोगावचे स्वयंसेवक असतात. शिकवतात ते अगदी साधं. हातात आलेली प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजायचं. नळी कधीही माणसाकडे वळू द्यायची नाही. सावजाच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय नेम धरायचा नाही. गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट घोड्यापासून लांब. तारेचं कुंपण ओलांडायचं असेल तर आधी बंदूक रिकामी करायची. दुसऱ्या शिकाऱ्याला आपण लांबून दिसावं म्हणून अंगात भडक नारिंगी बंडी घालायची. मग परीक्षा होते, ती उतरली तर दाखला मिळतो, आणि दाखला असेल तरच परवाना.

आपल्याकडे बंदुकीचा असा वर्ग नको, आणि मी तो मागतही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये झाला आणि शिकार बंद झाली. ती बंदी योग्यच आहे. शस्त्र कायद्याप्रमाणे 21 वर्षांखालच्या कुणालाही बंदूक बाळगता येत नाही, तेही योग्य. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या देशातलं मूल वर्षातले थोडे दिवस रानात जातं, तर त्याला आधी शिकवून, परीक्षा घेऊन मग पाठवतात. आमचं मूल वर्षभर रानात असतं. शाळेची वाट शेतातून जाते. शाळा सुटली की शेळ्या चारायला, विहिरीवर मोटर चालू करायला, गवताचा भारा आणायला, दिवाळीच्या सुटीत आईबरोबर कापूस वेचायला ते जातं. त्याला कुणीही काहीही शिकवलेलं नसतं. घरातून निघताना आजी ‘दखीसन चाल’ म्हणते, तेवढंच. बघून चाल म्हणजे काय बघून चाल, हे सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नाही.

आमचं गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. तांबटाच्या घरातलं पोर ठोकायला बसायच्या आधी कितीतरी दिवस नुसतं शेजारी बसून बघतं. सांडशी कशी धरायची, तापलेला पत्रा कुठून उचलायचा, हे हाताला वळण लागेपर्यंत त्याच्या हातात हातोडा येत नाही. शेतात जाणाऱ्या मुलाला मात्र आपण पहिल्याच दिवशी एकटं धाडतो.

आता धोक्यांविषयी. बिबट्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून त्याच्याविषयी मागाहून लिहीन. आधी ज्याच्याविषयी कुणी बोलत नाही ते लिहिते.

कायद्याने शिकार बंद झाली, पण ती थांबली नाही, लपली. रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात, रोही उभा हरभरा खातात, आणि कर्ज काढून पेरलेलं पीक एका रात्रीत गेलं की माणूस काय करेल सांगता येत नाही. त्या रागाचा आणि मांसाच्या लोभाचा फायदा घेणारेही असतात. ते डुकरांच्या वाटेवर गावठी बॉम्ब ठेवतात. स्फोटक दारू, खडे, काचांचे तुकडे एकत्र घट्ट बांधायचे आणि वरून कणीक, चरबी किंवा आतडं गुंडाळायचं. डुकराने चावलं की तोंडातच फुटतो. केरळात 2020 मध्ये असं स्फोटक भरलेलं फळ खाऊन गाभण हत्तीण मेली तेव्हा सारा देश हळहळला होता. पण बांधावर, पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी पडलेला तो लहानसा गोळा आपल्या गाई-म्हशींच्या, कुत्र्यांच्या तोंडातही फुटतो. आणि दहा वर्षांच्या मुलाला तो चेंडूसारखा दिसतो. मूल तो उचलणार, दाबून बघणार, दगडावर आपटणार. मुलाचा स्वभावच तो आहे, त्यात त्याचा दोष नाही. त्याला आधी सांगून ठेवणं हे मोठ्यांचं काम.

दुसरा धोका तारेचा. कुंपणाला विजेचा सरळ प्रवाह जोडायचा, आमच्या भाषेत करंट सोडायचा. कधी खांबावर आकडा टाकून, कधी मोटरच्या पेटीतून. डुक्कर मारायला लावलेल्या त्या तारेने माणसं मरतात, अनेकदा शेजारच्याच शेतातली. महाराष्ट्रात अशा बातम्या दर हंगामात येतात. हा गुन्हा आहे. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. तरीही तारा लागतात. त्याच वेळी आता खूप शेतकरी सौरऊर्जेवरचं झटका मशीन लावू लागले आहेत. त्यातून वीज सलग वाहत नाही, क्षणभराचा ठोका येतो आणि थांबतो, त्यामुळे जनावर दचकून मागे सरतं पण मरत नाही. दोन्ही तारा लांबून सारख्याच दिसतात. मोठ्या माणसालाही पाहून फरक सांगता येत नाही, तर मुलाला कसा सांगता येईल?

इथेच ती बंदुकीची शिकवण मला आपल्या उपयोगाची वाटते. तिकडे मुलाला सांगतात, प्रत्येक बंदूक भरलेलीच समज. आपण आपल्या मुलाला सांगू, प्रत्येक अनोळखी तार चालूच समज आणि रानात पडलेला प्रत्येक अनोळखी गोळा फुटणारा समज. उचलायचं नाही, काठीने ढोसायचं नाही, दगड मारायचा नाही. जागा लक्षात ठेवायची, मागे फिरायचं, मोठ्या माणसाला आणून लांबून दाखवायचं. कुणी तारेला चिकटलं असेल तर त्याला हात लावायचा नाही. धावत जाऊन प्रवाह बंद करवायचा, 1912 वर महावितरणला कळवायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. भाऊ तारेला चिकटलेला दिसला की बहीण धावत जाऊन त्याला धरणारच. त्या क्षणी तिला थांबवील ते आधी दहा वेळा करून घेतलेलं प्रात्यक्षिकच. फळ्यावर लिहिलेली सूचना तिथे कामाला येत नाही.

आता सापाकडे येते, कारण मुलांच्या जिवाचा सगळ्यात मोठा हिशेब तिथे आहे. देशभरातल्या मृत्यूंच्या नोंदींवरून 2020 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली. वर्षाला सरासरी 58,000. त्यातली चौथ्या हिश्श्याहून जास्त 15 वर्षांखालची मुलं होती. साहेब, हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. बिबट्याच्या प्रत्येक हल्ल्याची बातमी होते, आणि व्हायलाच हवी. पण पावसाळ्यात गावागावांत एकेकट्याने मरणाऱ्या या मुलांची बातमी होत नाही, कारण साप चावून मरणं हे आपण नशिबाच्या खात्यात टाकलं आहे.

नशिबाचा त्यात फार थोडा भाग असतो. साप कुठे बसतो हे ठाऊक असतं: पऱ्हाट्यांच्या ढिगात, मक्याच्या कणसांच्या राशीखाली, गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्यांत, मोटरच्या पेटीत, सरपणात. तिथे हात घालण्याआधी काठीने हलवून बघायचं, हे शिकवता येतं. घोणस चावण्याआधी फुगून कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, फुरसं अंगाचे खवले घासून करकर आवाज करतं, हे मुलांना ऐकवता येतं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश फारसा दुखतही नाही, त्यामुळे पहाटे मुलाच्या पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. ही लक्षणं मुलांना पाठ करवता येतात. खाटेवर आणि मच्छरदाणीत झोपणं हा मण्यारीपासून वाचण्याचा किती मोठा उपाय आहे, हे आयांना सांगता येतं.

आणि दंश झाल्यावर? आजही गावात ‘पान लागलं’ म्हणतात आणि पहिला निरोप भगताकडे जातो. कुणी दोरीने आवळतं, कुणी ब्लेडने चिरतं, कुणी कोंबडीचं पिल्लू लावतं. यात जो तास जातो तोच जीव वाचवणारा तास असतो. करायचं एवढंच असतं: मुलाला शांत ठेवायचं, चालू-पळू द्यायचं नाही, हाड मोडल्यावर बांधतात तसा तो हात किंवा पाय फळकुटाला सैल बांधायचा, कडं-पैंजण काढायचं, दंशाची वेळ लक्षात ठेवायची आणि 108 ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी एकच लस आपल्या सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळते. अंगात कोणतं विष भिनतंय हे ओळखायला डॉक्टर साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात आणि ते गोठतं का ते बघतात. साप मारून पिशवीत घालून नेण्याची काही गरज नसते. त्या खटाटोपात दुसराही दंश होतो. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने विंचूदंशावर उपचार करता येतो हे दाखवून दिलं आणि कोकणातली कितीतरी मुलं वाचवली. ज्ञान आहे, औषध आहे. ते मुलाच्या गावापर्यंत, त्याच्या डोक्यापर्यंत पोचलेलं नाही.

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. तो आराखडा सोनगीरच्या वर्गखोलीत आला तरच खरा.

एक गोष्ट आपल्या माहितीत असेलच, तरी लिहिते. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने किंवा विजेच्या धक्क्याने शेतकरी कुटुंबातला माणूस गेला तर 2 लाख रुपये मिळतात. या योजनेची वयोमर्यादा 10 ते 75 वर्षं आहे. म्हणजे दहा वर्षांचं मूल शेतात मरू शकतं, हे सरकारला ठाऊक आहे आणि लेखी मान्य आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना आता 25 लाख मिळतात. ही मदत असावीच, उलट वेळेवर मिळावी. पण जिवानिशी गेलेल्या मुलासाठी एवढी तरतूद आहे आणि जिवंत मुलाला शिकवायला एक दिवसही राखलेला नाही, हे एका आईला समजावून सांगता येईल का?

आता बिबट्या. 2017 च्या हिवाळ्यात शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या खोऱ्यात एका बिबट्याने अनेक बळी घेतले आणि अखेर त्याला गोळी घालावी लागली. ते दिवस खानदेशात कुणी विसरलेलं नाही. तेव्हा वेचणीला बायका मिळत नव्हत्या. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला पुन्हा मुलं गेली. असं झालं की लोक पिंजरा मागतात, आणि त्या घरचा आक्रोश ऐकल्यावर त्यांना चूक कोण म्हणेल? पण जुन्नर भागात 2001 ते 2003 च्या सुमाराला हल्ले वाढले तेव्हा पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसलं की अशाने प्रश्न नव्या ठिकाणी जातो आणि चिघळतो. 2009 मध्ये विहिरीतून काढून माळशेजच्या घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या शंभरावर किलोमीटर चालून मुंबईपर्यंत गेला होता. पिंजरा लावा, पण पिंजऱ्याने मुलाला शहाणपण येत नाही. एकट्याने जायचं नाही, मोठ्याने बोलत किंवा गाणी लावत जायचं, अंधारात वाकून किंवा उकिडवं बसायचं नाही कारण तेव्हा माणूस जनावराएवढा दिसतो, समोर आलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही, हात वर करून ओरडत मागे मागे सरायचं, आणि उसात पिल्लं दिसली तर हात न लावता निघून 1926 वर वनखात्याला कळवायचं. पाच मिनिटांत सांगून होणारं हे सगळं अंगात मुरायला मात्र अनेकदा करून घ्यावं लागतं.

(शेतीची लाइन रात्री येते तोवर बापाला रात्रीच पाणी भरावं लागणार आणि कंदील धरायला मूल सोबत जाणार, हेही इथे सांगून ठेवते. दिवसा वीज देणं हा मुलांच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. तो आपल्या हातात नाही, पण ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी आपली भेट होत असते.)

पूर्वी हे शिक्षण होत होतं. सरकारी पत्रकात त्याचं नाव नव्हतं, इतकंच. आमच्या शेतावर एक भिल्ल राखणदार होते. घरातली सगळी मुलं त्यांना आबा म्हणायची. सातभाईंनी एखाद्या झुडपाभोवती कालवा केला की ते आम्हाला हाताने मागे धरायचे; आत साप आहे किंवा मुंगूस, हे त्यांना न बघता कळायचं. टिटवी रात्री कशी ओरडली म्हणजे माणूस आला आणि कशी ओरडली म्हणजे जनावर, ते सांगायचे. ओल्या मातीत उमटलेला पंजा दाखवून विचारायचे, नख उमटलंय का? उमटलं तर कुत्रं, लांडगा किंवा तरस. नाही उमटलं तर पोरांनो, आज ओढ्याकडे जायचं नाही. माझ्या पिढीला रानाचं जे काही कळतं ते अशा माणसांकडून आलं. मारुती चितमपल्लींसारखे वनाधिकारीसुद्धा आयुष्यभर सांगत राहिले की जंगल त्यांना आदिवासींनी शिकवलं.

शिकारबंदीबरोबर ही शिकवणीही बंद पडली, कारण रान जाणणारी माणसं शिकारी होती किंवा शिकाऱ्यांच्या घरची होती. भिल्लांनी, पारध्यांनी पिढ्यानपिढ्या जे ज्ञान साठवलं ते एका दिवसात संशयास्पद झालं. पारध्यांच्या माथ्यावर तर 1871 च्या इंग्रजी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारलेला होताच. 31 ऑगस्ट 1952 ला तो कागदावरून पुसला गेला, लोकांच्या नजरेतून अजून पूर्ण गेलेला नाही. आजही गावात कुठे फासा सापडला तर आधी त्यांच्याच वस्तीवर बोट दाखवलं जातं, मग तो कुणीही लावलेला असो. हे मला सहन होत नाही, आणि या वर्गाची मागणी करताना माझा आग्रह आहे की त्यांच्यातल्या जाणत्या स्त्री-पुरुषांना शाळेत गुरुजी म्हणून बोलवावं. खुर्ची द्यावी, मानधन द्यावं, मुलांनी त्यांना उभं राहून नमस्कार करावा. पावलं ओळखणं, पाखरांचे आवाज, फासा कुठे आणि कसा लावलेला असतो आणि त्यातून जनावर न दुखावता कसं मोकळं करवायचं, हे त्यांच्याहून चांगलं कुणी शिकवणार नाही. त्यांची स्वतःची मुलं त्याच वर्गात बसलेली असतील. आपल्या आजोबांना शाळेने बोलावलं हे त्या मुलांनी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

मुलांच्या हातातल्या गलोलीविषयीही त्या वर्गात बोललं पाहिजे. गलोलीने होला पाडणं, घरट्यातली अंडी काढणं हा आपल्याकडे पोरखेळ समजला जातो. कायद्याच्या व्याख्येत फासे लावणं, घरटी मोडणं, अंडी घेणं हीसुद्धा शिकारच आहे. मुलांना गुन्ह्याची धमकी द्यावी असं माझं म्हणणं नाही. पण जो दगड होल्याला लागला नाही तो पुढे कुठे गेला, कुणाच्या डोळ्याला लागला असता, हे त्यांना विचारायला हवं. सावजाच्या मागे काय आहे ते आधी बघ, ही तिकडची शिकवण इथे गलोलीलाही लागू पडते.

हा वर्ग आपणच सुरू करावा असं मी का म्हणते? जिल्हा परिषदेकडे शाळा आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रंही आहेत. शिक्षक आपले, वैद्यकीय अधिकारी आपले, आशाताई आपल्या यंत्रणेतल्या. वनरक्षक आणि महावितरणचा वायरमन एकेका दिवसासाठी यावेत एवढं पत्र आपण धुळ्याच्या उपवनसंरक्षकांना आणि महावितरणला लिहू शकता. वेळही सरकारनेच मोकळा करून ठेवला आहे. पहिली ते आठवीसाठी 2024 पासून ‘आनंददायी शनिवार’ आहे, नव्या शैक्षणिक धोरणात दप्तराविना दहा दिवस सांगितलेले आहेत. वेगळा तास नको, वेगळं पुस्तक नको.

शिक्षकांवर आणखी एक काम येईल, हा आक्षेप मी स्वतःच घेते. त्यांच्यावर आधीच नाही नाही ती कामं आहेत. म्हणून शिकवण्याचा भार बाहेरच्या माणसांनी घ्यावा. शिक्षकांनी मुलं गोळा करून सोबत बसावं, म्हणजे पुढच्या वर्षी त्यांनाही येईल. एका शनिवारी डॉक्टर आणि आशाताई साप-विंचवाविषयी सांगतील आणि मुलं एकमेकांच्या पायाला फळकूट बांधून बघतील. एका शनिवारी वायरमन मोटरच्या पेटीजवळ नेऊन तार दाखवेल. एका शनिवारी वनरक्षक आणि वस्तीवरचे जाणते लोक मुलांना ओढ्याकाठी फिरवतील. शेवटच्या शनिवारी मुलं आईबापांसमोर सगळं करून दाखवतील. त्या दिवशी पालकांना यावंच लागेल असं करा. भगताकडे नेणारे आम्ही आहोत, मुलं नाहीत. गुण देऊ नका. प्रत्येक मुलाला पाय बांधता आला, 108, 1912 आणि 1926 हे तीन नंबर पाठ आले आणि गोळा दिसल्यावर ते मागे फिरलं, एवढं बघा. ज्याला आलं नाही त्याला पुन्हा शिकवा. या विषयात कुणाला नापास करून पुढे ढकलता येणार नाही.

एक कळकळीची विनंती. वर्गात जिवंत साप आणू देऊ नका. साप गळ्यात घालून फोटो काढणाऱ्यांचा मुलांवर फार परिणाम होतो आणि महिन्याभरात एखादं पोर तसं करायला जातं. चित्रं पुरेत, रबराचा साप पुरे.

मुलांना घाबरवू नये असंही कुणी म्हणेल. मला वाटतं भीती न कळण्यातून येते. माझी मुलगी अंधार पडल्यावर विहिरीकडे जायला घाबरते, कारण तिथे काय असू शकतं हे तिला ठाऊक नाही. तिला कळलं तर ती विजेरी घेईल, पाय आपटत जाईल, पेटीला हात लावण्याआधी काठी वापरेल. तिला रानाचा तिटकारा यावा असं मला मुळीच वाटत नाही. लांडगा, तरस, मोर, टिटवी आमच्याच शिवारात राहतात आणि राहावेत. शिकार बंद झाली ती त्यांच्यासाठी. त्या रानात रोज जाणाऱ्या मुलांसाठी आता एवढं व्हावं.

पहिला वर्ग सोनगीरच्या शाळेत घ्या. फळकुटं, कापडाच्या पट्ट्या, मैदानावर सावली, येणाऱ्यांचं जेवण आम्ही पालक बघू. गावातल्या बायकांशी माझं बोलणं झालं आहे. वेचणी दसऱ्याच्या पुढेमागे सुरू होते. पोळा झाला की दसऱ्यापर्यंत चार शनिवार सहज मिळतात, तेव्हा परिपत्रक पोळ्याच्या आधी निघायला हवं. तारखा ठरल्या की शाळेत कळवावं. वनखात्याला आणि महावितरणला द्यायच्या पत्रांचे मसुदे लागणार असतील तर तेही आम्ही लिहून आणून देऊ.

आपली,
दोन मुलांची आई,
सोनगीर, ता. जि. धुळे